प्रभातच्या फाटकाशी बसलेली नायिका

जुलै १९३९. पुण्याच्या वेशीबाहेर, आजच्या लॉ कॉलेज रस्त्यावर तेव्हा फारशी वस्ती नव्हती. टेकडीच्या पायथ्याशी प्रभात फिल्म कंपनीचा विस्तीर्ण स्टुडिओ होता आणि त्याच्या फाटकातून आत जायला मिळावे म्हणून देशाच्या कानाकोपऱ्यातून तरुण मुले-मुली पुण्यात येत होती. त्या दिवशी मात्र फाटकाशी बसलेली तरुणी आत प्रवेश मागण्यासाठी आलेली नव्हती. ती प्रभातचीच नायिका होती. दोन वर्षांपूर्वी तिचा चेहरा मुंबई-पुण्यापासून थेट लाहोरपर्यंतच्या भिंतींवर झळकला होता. कंपनीशी झालेल्या कराराच्या अटी आणि वेतन यांवरून वाद विकोपाला गेला, दाद लागेना, तेव्हा तिने अन्नत्याग केला आणि मालकांच्या दारातच ठाण मांडले. तिचे नाव शांता आपटे.

एखाद्या चित्रपट अभिनेत्रीने स्वतःच्या कंपनीच्या दारात उपोषण करावे, ही गोष्ट त्या काळी कुणाच्या कल्पनेतही बसणारी नव्हती. उपोषण हे शस्त्र तोवर राजकारणाच्या मैदानातले होते. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात महात्मा गांधींनी राजकोट येथे उपोषण केले होते आणि त्याच्या बातम्यांनी वृत्तपत्रांचे रकाने भरून गेले होते. आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, औद्योगिक कलह विधेयकाच्या विरोधात मुंबईतील गिरणी कामगार डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले होते. कामगाराचा हक्क हा शब्द हवेत होता. पण नटी ही कामगार असू शकते, तिच्या श्रमालाही किंमत, वेळ आणि मर्यादा असू शकतात, हे मान्य करायला रसिक तयार नव्हते, मालक तर नव्हतेच. नटीला पैसा मिळतो, प्रसिद्धी मिळते, मग तिला दुःख कसले, असाच एकूण सूर असे.

शांताबाईंचा जन्म १९१६ सालचा, सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोटजवळच्या दुधनी या गावचा. मराठी आणि कानडी मुलखाच्या सीमेवरचे हे गाव मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. वडील रेल्वेत स्टेशन मास्तर होते आणि त्यांना गाण्याची आवड होती. मुलीच्या गळ्यातला गोडवा त्यांनी लवकर ओळखला. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात तिला शास्त्रोक्त शिक्षण मिळाले. गणेशोत्सवातील मेळे आणि भजने हे त्या काळी घरंदाज मुलींना लोकांसमोर गाण्यासाठी समाजमान्य असलेले जवळजवळ एकमेव व्यासपीठ होते. शांताबाईंचा गळाही तेथेच तयार झाला. थोरले बंधू बाबूराव आपटे यांनी पुढे बहिणीच्या कारकिर्दीची सूत्रे हाती घेतली. त्यांची शिस्त कडक होती असे म्हणतात.

मराठी बोलपट जन्माला आला तो १९३२ साली. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ त्याच वर्षीचा आणि दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनचा ‘श्यामसुंदर’ही त्याच वर्षीचा. ‘श्यामसुंदर’चे दिग्दर्शन भालजी पेंढारकरांनी केले. कृष्ण झाला होता शाहू मोडक नावाचा एक ख्रिस्ती मुलगा आणि राधेच्या भूमिकेत होत्या सोळा वर्षांच्या शांता आपटे. चित्रपटाने मुंबईत रौप्यमहोत्सव साजरा केला. पडद्यावरचे ते पहिलेच पाऊल असूनही शांताबाईंचे नाव लगेच गाजले असे नाही. बोलपट नवा होता, लोक गाणे ऐकायला आणि चित्र बोलते कसे हे पाहायला जात होते. भूमिका कोणी केली याची चर्चा पुढची.

प्रभात कंपनीचा जन्म १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाला. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. १९३३ साली कंपनीने कोल्हापूर सोडून पुण्यात बस्तान हलवले. पुण्यातील नव्या स्टुडिओत तयार झालेला पहिला चित्रपट म्हणजे ‘अमृतमंथन’. नारायण हरी आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. बळी देण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा राजा आणि त्याचा काटा काढणारा राजगुरू अशी ती कथा. हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांनी राजगुरू रंगवला आणि त्यांच्या विस्फारलेल्या डोळ्याचे ते प्रचंड समीपदृश्य चित्रपटाच्या इतिहासात अमर झाले. या सगळ्या भव्यतेत नायकाची बहीण सुमित्रा या भूमिकेत शांताबाई होत्या. भूमिका मुख्य नव्हती, तरी प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडताना त्यांची गाणी गुणगुणत होते.

येथे संगीतकार केशवराव भोळे यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. नाट्यसंगीताच्या दीर्घ तानांची सवय असलेल्या महाराष्ट्राला भोळ्यांनी चित्रपटात छोटे, सुटसुटीत, शब्दांच्या अर्थाला जपणारे गाणे दिले. ते गाण्यासाठी त्यांना जसा गळा हवा होता तसा शांताबाईंकडे होता. तोपर्यंत बोलपटातली गायिका-नायिका गाण्याची वेळ आली की एका जागी उभी राहत असे. ध्वनिमुद्रण चित्रीकरणासोबतच होई, मायक्रोफोन कुठेतरी फांदीमागे किंवा पडद्याआड दडवलेला असे आणि वादक दृष्टीआड बसलेले असत. गाणाऱ्याने मान वळवली तरी आवाज बिघडण्याची भीती. साहजिकच चेहरा निर्विकार राही. शांताबाईंनी हे चित्र पालटले. त्या डोळ्यांनी गात, हातांनी गात, गाता गाता वळत, हसत, रुसत. गाणे म्हणजे अभिनयातला खंड नव्हे, तोही अभिनयच आहे, हे प्रेक्षकांना त्यांच्यामुळे प्रथम जाणवले. नंतरच्या पिढ्यांना ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की ती कोणीतरी सुरू केली असेल, हेच लक्षात येत नाही.

‘राजपूत रमणी’, ‘अमरज्योती’, ‘वहाँ’ असे चित्रपट मागोमाग येत गेले. ‘अमरज्योती’ (१९३६) हा दुर्गा खोटे यांचा चित्रपट. पुरुषी कायद्याने मातृत्वाचा हक्क नाकारल्यावर समुद्रावर चाचेगिरी करणारी सौदामिनी त्यांनी उभी केली, आणि त्या तेजापुढे शांताबाईंची राजकन्या नंदिनी काहीशी झाकोळली हे खरे. त्यांचा दिवस यायचा होता, आणि तो १९३७ साली उगवला.

‘कुंकू’ची कथाही नारायण हरी आपटे यांचीच, ‘न पटणारी गोष्ट’ या त्यांच्या कादंबरीवरची. मामाच्या घरी वाढलेली पोरकी नीरा. मामा पैशाच्या लोभाने तिचे लग्न फसवून काकासाहेब नावाच्या वयोवृद्ध, विधुर वकिलाशी लावून देतो. जरठ-कुमारी विवाहाचा विषय मराठी माणसाला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ सालापासून रंगभूमीवर गाजत होते आणि शारदेच्या दुःखाने तीन पिढ्यांचे डोळे पाणावले होते. पण शारदेची सुटका लग्न लागण्यापूर्वी होते. ‘कुंकू’मध्ये अक्षता पडून गेल्या आहेत, आता काय, हा प्रश्न आहे. आणि नीरा रडत बसत नाही. हे लग्न झाले असेल, पण मी ते मानत नाही, ही तिची भूमिका. नवऱ्याला ती स्पर्श करू देत नाही. त्याच घरात राहून, त्याच घरातल्या माणसांच्या डोळ्याला डोळा भिडवून ती नकार देते. वाईट नजरेने जवळ येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला ती वेताने बडवून काढते. तो प्रसंग पाहताना चित्रपटगृहात टाळ्या पडत.

१९२९ साली शारदा कायदा संमत झाला होता. त्याने मुलीचे विवाहाचे किमान वय १४ ठरवले, पण नवऱ्याचे कमाल वय किती असावे यावर तो अवाक्षर काढत नव्हता. कायद्याने मोकळी सोडलेली ती जागा या चित्रपटाने दाखवून दिली. केशवराव दाते यांनी रंगवलेले काकासाहेब हे खलनायक नाहीत, हे चित्रपटाचे मोठेपण. आरशासमोर मिशांना कलप लावणारा, घरातल्या जुन्या घड्याळाशी झगडणारा, आपल्या हातून काय घडले आहे याची हळूहळू जाणीव होणारा तो म्हातारा पाहताना प्रेक्षकांना चीडही येई आणि कीवही. अखेरीस तो नीरेचे कुंकू पुसतो, पुनर्विवाहाची मोकळीक देणारे पत्र मागे ठेवतो आणि स्वतःचे आयुष्य संपवतो. हा शेवट काहींना पटला नाही. नीरेने जी लढाई स्वतः लढली तिचा निकाल काकासाहेबांच्या मृत्यूने लावून टाकला, अशी टीका पुढेही होत राहिली आणि ती अगदीच अनाठायी नाही.

शांतारामबापूंनी या चित्रपटात पार्श्वसंगीत पूर्णपणे वगळले. घरातले, रस्त्यावरचे नैसर्गिक आवाज तेवढे ठेवले. त्यामुळे शांताबाईंच्या चेहऱ्याला वाद्यवृंदाचा कसलाच टेकू नव्हता. जे सांगायचे ते डोळ्यांनी, स्वराच्या चढउताराने, जिन्यावरच्या पावलांच्या आवाजाने सांगायचे. त्या काळच्या नाटकी अभिनयाची सवय असलेल्या डोळ्यांना हे काही वेगळेच वाटले असणार. याच चित्रपटात त्यांनी लाँगफेलो या अमेरिकी कवीची ‘अ साम ऑफ लाइफ’ ही कविता इंग्रजीतून गायली. मराठी घरातील एका मुलीने पडद्यावर इंग्रजी कविता गावी, हा चमत्कार पाहण्यासाठीही लोक पुन्हा पुन्हा गेले. नीरेची बाजू घेणारी काकासाहेबांची सुधारक मुलगी झाल्या होत्या शकुंतला परांजपे. रँग्लर परांजप्यांची ही केंब्रिजला शिकलेली कन्या पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी ओळखली गेली. चित्रपट-दिग्दर्शिका सई परांजपे या त्यांच्या कन्या.

‘दुनिया न माने’ या नावाने निघालेल्या हिंदी आवृत्तीने शांताबाईंना अखिल भारतीय कीर्ती मिळवून दिली. एकविसाव्या वर्षी त्या देशातल्या आघाडीच्या गायिका-अभिनेत्री झाल्या. १९३८ साली ‘गोपालकृष्ण’ आला. १९२९ साली याच कथेवर मूकपट काढून प्रभातने आपला श्रीगणेशा केला होता, त्याची ही बोलती आवृत्ती. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, मास्टर कृष्णराव यांचे संगीत, छोटा राम मराठे कृष्ण आणि शांताबाई राधा. सहा वर्षांपूर्वी ज्या राधेने त्यांना पडद्यावर आणले तीच राधा आता एका तयार कलावतीच्या अंगाने उभी राहिली. आणि प्रभातसाठीचे त्यांचे काम येथे संपल्यासारखेच झाले.

त्या काळची चित्रपट कंपनी म्हणजे एक मोठे एकत्र कुटुंब, असे वर्णन नेहमी केले जाते. दिग्दर्शक, लेखक, नट, सुतार, शिंपी, रंगारी सारे मासिक पगारावर. नट-नट्यांनी वेळेवर हजेरी लावायची, काम नसले तरी स्टुडिओत यायचे, तालमी करायच्या. या शिस्तीतूनच प्रभातचे उत्तमोत्तम चित्रपट निर्माण झाले, ‘संत तुकाराम’ व्हेनिसपर्यंत पोहोचला. हे सारे खरे. पण कुटुंबात कर्ता असतो आणि त्याचा शब्द अखेरचा असतो, हेही तितकेच खरे. करारात बांधलेल्या कलावंताला बाहेर काम करता येत नसे. एखाद्या चित्रपटाने किती पैसा मिळवला याच्याशी त्याच्या पगाराचा संबंध नसे. कंपनीची बाजू अशी, की आम्ही यांना घडवले, नाव दिले. शांताबाईंची बाजू अशी, की घडवले हे मान्य, पण चित्रपटगृहाबाहेरच्या रांगा माझ्या नावानेही लागतात. दोन्ही बाजूंत तथ्य होते, असे आज म्हणता येईल. मात्र दोन्ही बाजूंचे बळ सारखे नव्हते. म्हणूनच एका बाजूला फाटकाचा आधार होता आणि दुसरीला फाटकाबाहेर उपाशी बसावे लागले.

असा झगडा केवळ पुण्यातच चालला होता असे नाही. १९३६ साली हॉलिवूडची बेटी डेव्हिस वॉर्नर ब्रदर्सच्या जाचक कराराला कंटाळून इंग्लंडला निघून गेली, लंडनच्या न्यायालयात खटला उभा राहिला आणि ती हरली. ऑलिव्हिया डी हॅविलंड हिने त्याच कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात जिंकलेला खटला १९४४ सालचा. त्या निकालाने अमेरिकेतील कलावंतांना कराराच्या वेठबिगारीतून बऱ्याच अंशी मुक्त केले. शांताबाईंच्या पाठीशी मात्र कलावंतांची संघटना नव्हती आणि ज्याच्या आधारे भांडावे असा कायदाही नव्हता. एक देह होता, आणि तो उपाशी ठेवता येत होता.

उपोषण फार दिवस चालले नाही. पण त्याचा बोभाटा देशभर झाला. चित्रपट नियतकालिकांनी या प्रकरणाची यथेच्छ चर्चा केली, काहींनी टवाळीही केली. प्रसिद्धीचा सोस, नखरा, आक्रस्ताळेपणा ही नेहमीची विशेषणे वापरली गेली. उपोषण संपले, प्रभातशी असलेला संबंधही संपला.

याच सुमारास घडलेली म्हणून सांगितली जाणारी दुसरी एक गोष्ट चित्रपटसृष्टीत पिढ्यान्पिढ्या चघळली गेली. ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे संपादक बाबूराव पटेल यांची लेखणी तिखट होती. मोठमोठे निर्माते तिला वचकून असत. त्यांनी शांताबाईंविषयी काही लागट मजकूर छापला, तेव्हा शांताबाई वेत घेऊन थेट त्यांच्या कार्यालयात गेल्या आणि संपादकांना प्रसाद दिला, अशी ही गोष्ट. प्रत्येक सांगणाऱ्याच्या तोंडी तिचे तपशील बदलतात. तिच्यात खरे किती आणि पडद्यावरच्या नीरेच्या हातातला वेत पाहून लोकांनी रचलेले किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. लोकांना मात्र ती खरी वाटली, आणि का वाटली हे ‘कुंकू’ पाहिलेल्याला समजू शकते.

१९४० साली शांताबाईंनी एक पुस्तक प्रसिद्ध केले: ‘जाऊ मी सिनेमांत?’ नावातले प्रश्नचिन्ह महत्त्वाचे. चित्रपटात जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या तरुण-तरुणींना उद्देशून ते लिहिलेले होते. नट-नट्यांच्या नावावर खपणाऱ्या पुस्तकांत सहसा आठवणी असतात, गोड गोड किस्से असतात. शांताबाईंनी तो मार्ग धरला नाही. भांडवल कोणाचे, नफा कोणाचा, आणि या दोहोंच्या मध्ये कलावंताच्या शरीराची आणि मनाची किती झीज होते, याचा हिशेब त्यांनी मांडला. दिव्यांच्या झोतात तासन्‌तास उभे राहण्याचा शीण, करारातली बंधने, समाजाची संशयी नजर हे सारे त्यात आले. चोविशीतल्या एका अभिनेत्रीने आपल्या व्यवसायाची अशी चिरफाड करावी याचे नवल आजही वाटते. पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला जागा मिळाली नाही, चित्रपटावर लिहिणाऱ्यांनी ते बराच काळ उपोषणाच्या किश्शाला जोडलेली तळटीप म्हणून वापरले. अलीकडच्या काळात भारतीय चित्रपटसृष्टीतील श्रमांचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठीय संशोधकांनी ते नव्याने वाचायला घेतले, तेव्हा कुठे त्याचे मोल कळू लागले.

प्रभातबाहेर पडल्यावर शांताबाईंनी एका कंपनीशी बांधून घेतले नाही. जेथे भूमिका मिळेल तेथे त्या गेल्या, आणि दूर दूर गेल्या. १९४१ साली वाय. व्ही. राव यांच्या तमिळ ‘सावित्री’ चित्रपटात त्या सावित्री झाल्या. या एका चित्रपटासाठी त्यांनी सुमारे वर्षभर तमिळ भाषेचा अभ्यास केला आणि संवाद स्वतःच म्हटले. याच चित्रपटात नारदाची भूमिका केली होती एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी. पती सदाशिवम आणि लेखक कल्की कृष्णमूर्ती यांना ‘कल्की’ साप्ताहिक सुरू करण्यासाठी पैसा हवा होता, तो उभा करण्यासाठी सुब्बुलक्ष्मींनी हे पुरुषपात्र स्वीकारले. पंढरपूरला शिकलेली सावित्री आणि मदुराईचा नारद एका पडद्यावर आले, हा योग मराठी रसिकांच्या फारसा लक्षात राहिलेला नाही.

पुढच्या वर्षी लाहोरच्या पंचोलींचा ‘जमीनदार’ आला. संगीत गुलाम हैदर यांचे. देवकी बोस यांच्या ‘अपना घर’मध्ये चंद्रमोहन पुन्हा त्यांच्यासोबत होते. विश्राम बेडेकरांच्या ‘दुहाई’त (१९४३) नूरजहाँ आणि शांता आपटे अशा दोन गाणाऱ्या अभिनेत्री एकत्र आल्या. भालजींच्या ‘वाल्मिकी’त (१९४६) त्यांच्यासोबत पृथ्वीराज कपूर होते आणि नारदाच्या वेशात तरुण राज कपूर. यादी मोठी आहे, पण खरे सांगायचे तर ‘कुंकू’च्या तोलाचे त्यांना पुन्हा फारसे काही मिळाले नाही. पौराणिक चित्रपटांत सोज्ज्वळ देवी, सामाजिक चित्रपटांत सोशीक पत्नी अशाच भूमिका वाट्याला येत राहिल्या. नीरेने जे नाकारले होते तेच पडद्यावर पुन्हा पुन्हा स्वीकारण्याची वेळ त्यांच्यावर आली. ‘स्वयंसिद्धा’ (१९४९) हा त्यातला सन्माननीय अपवाद. त्यातील करारी नायिकेत जुन्या शांता आपटे पुन्हा दिसल्या.

दरम्यान युद्धकाळात काळा पैसा चित्रपटधंद्यात शिरला. कलावंतांना एकेका चित्रपटासाठी घसघशीत रकमा मिळू लागल्या आणि मासिक पगाराची जुनी पद्धत मोडीत निघाली. ज्या मोकळिकीसाठी शांताबाई फाटकाशी बसल्या होत्या ती पाच-सहा वर्षांत सर्वांनाच मिळाली, ती मात्र पैशाच्या जोरावर. स्वतः शांतारामबापूही १९४२ साली प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत त्यांनी राजकमल कलामंदिर उभारले. दहा-अकरा वर्षांनी प्रभातचा दिवा विझला.

त्याहून मोठा बदल गाण्याच्या बाबतीत झाला. पार्श्वगायन रुळले. दिसणारा चेहरा एकीचा आणि ऐकू येणारा गळा दुसरीचा, हे प्रेक्षकांनी स्वीकारले. मास्टर विनायक यांचा ‘सुभद्रा’ १९४६ साली आला. सुभद्रा होत्या शांता आपटे, संगीत वसंत देसाई यांचे. विनायकरावांच्या कंपनीत पगारावर असलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीला त्यात लहानशी भूमिका होती आणि शांताबाईंच्या बरोबरीने एक गाणेही तिने गायले. ती मुलगी लता मंगेशकर. त्यानंतर तीन वर्षांत सारे चित्रपटसंगीत लताबाईंच्या आवाजाने व्यापले आणि गाता येणे ही नायिकेची आवश्यक पात्रता राहिली नाही. शांताबाईंची अर्धी ताकद गळ्यात होती. ती ताकद कमी झाली नव्हती, पण तिची मागणी संपली.

पन्नासच्या दशकात त्या मराठीत आणि हिंदीत अधूनमधून दिसत राहिल्या. ‘कुंकवाचा धनी’, ‘ताई तेलीण’ ही त्यांतली काही नावे. ‘राम भक्त विभीषण’सारखे हिंदी पौराणिक चित्रपटही त्यांनी केले. पोस्टरवरची नावाची जागा हळूहळू खाली सरकत गेली.

अखेरचे काही महिने आजारात गेले. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत अंधेरी येथे शांता आपटे यांचे निधन झाले. वय अवघे ४७. त्याच महिन्यात पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली आणि पुढे जुन्या चित्रपटांच्या रिळांचा शोध सुरू झाला. शांताबाईंच्या अनेक चित्रपटांची आज एकही प्रत सापडत नाही. ‘कुंकू’ मात्र वाचला.

प्रभातचा स्टुडिओ १९६० साली सरकारी चित्रपट संस्थेकडे आला, तीच आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट. २०१५ साली तेथील विद्यार्थ्यांनी नियामक मंडळावरील नेमणुकांविरुद्ध १३९ दिवसांचा संप केला आणि त्या काळात काही विद्यार्थी उपोषणालाही बसले. फलक, घोषणा, वाहिन्यांचे कॅमेरे सारे होते. त्याच आवाराच्या दाराशी शहात्तर वर्षांपूर्वी एक नायिका जवळजवळ एकटीच बसली होती.